झीज कुणाची आणि कुणामुळे? : बीड, सिरॅमिक संमिश्रे आणि लेप



पावसाळा सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, नगर, सोलापूरकडच्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. साखर कारखान्याचे अध्यक्ष, संचालक मंडळ, कार्यकारी संचालक ओळीने उभे असतात. समोर हळद-कुंकू लावलेला, हार घातलेला एक भला मोठा लोखंडी रोलर. खाली मथळा : 'मिल रोलरचे पूजन उत्साहात'. आम्हीही अशा कार्यक्रमांना गेलो आहोत, पेढे खाल्ले आहेत. पण आमचं लक्ष नेहमी हारापेक्षा हाराखालच्या दातांवर जातं. साधारण एक मीटर व्यासाचा, दोन मीटर लांबीचा हा रोलर. त्याच्या अंगावर गोल फिरणाऱ्या व्ही आकाराच्या चऱ्या, आणि त्या चऱ्यांच्या टोकांवर वितळून थिजलेल्या धातूचे बारीक बारीक दाणे. जवळून हात फिरवला तर हाताची साल निघेल.

आज बोलायचं आहे ते त्या दातांबद्दल. आम्ही म्हणजे ओतकाम करणारे, वेल्डिंगवाले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे बघणारे अशी मिश्र टोळी. बोलतोय एक जण, अनुभव सगळ्यांचा.

आधी एक प्रश्न तुम्हालाच विचारतो. वस्तू झिजू नये म्हणून काय करायचं? सभागृहात विचारलं की दहापैकी नऊ जण सांगतात, 'कठीण करायची.' उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. आणि ते अर्धं उत्तर आम्हाला एकदा फार महागात पडलं आहे. ते पुढे सांगतो.

१९५३ साली आर्चर्ड नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने झिजेचं एक साधं समीकरण मांडलं. किती धातू झिजेल? जितका भार जास्त, जितकं घासण्याचं अंतर जास्त, तितका जास्त. आणि पृष्ठभाग जितका कठीण तितका कमी. एवढंच असतं तर आमचं काम फारच सोपं झालं असतं. पण त्या समीकरणात एक गुणक आहे, आणि सगळी गंमत त्या गुणकात आहे. त्याची किंमत परिस्थितीनुसार शंभरातल्या एका भागापासून दहा कोटींतल्या एका भागापर्यंत बदलते. म्हणजे काठिण्य दुप्पट करून तुम्ही झीज निम्मी कराल, पण गुणक बिघडला तर ती हजारपट वाढेल. हा गुणक कशावर ठरतो? समोर कोण घासतंय, मध्ये वंगण आहे की वाळू, आम्ल आहे का, घाव बसतोय की नुसतं घासणं आहे, यावर. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, वजन आणि घनता हे धातूचे गुण आहेत. झीज हा एकट्या धातूचा गुण नाही, तो जोडीचा गुण आहे. पत्रिका दोघांचीही बघावी लागते.

आता बिडाकडे येऊ. घरातला बिडाचा तवा सगळ्यांच्या ओळखीचा. बीड म्हणजेच कास्ट आयर्न. लोखंडात कार्बन अडीच ते चार टक्के, शिवाय एक ते तीन टक्के सिलिकॉन. पोलादात कार्बन बहुधा एक टक्क्याच्याही आतच असतो. इतका कार्बन आला की तो लोखंडात मावत नाही, कुठेतरी वेगळा बसतो. आणि कुठे, कसा बसतो यावर बिडाची जात ठरते.

रस सावकाश थंड झाला आणि सिलिकॉन पुरेसा असला तर कार्बन ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडतो. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं. तुकडा मोडला तर भंगलेली बाजू राखाडी दिसते, म्हणून ते राखाडी बीड. रस झटकन थंड झाला तर कार्बनला वेगळं व्हायला सवड मिळत नाही, तो लोखंडाला धरून बसतो आणि सिमेंटाइट हे अतिशय कठीण संयुग तयार होतं. मोडल्यावर बाजू पांढरी, चमकदार. ते पांढरं बीड. एकाच भट्टीतला, एकाच लॅडलमधला रस वाळूच्या साच्यात ओतला तर राखाडी, लोखंडी साच्याला टेकवला तर पांढरा. फौंड्रीत याला 'चिल बसवणे' म्हणतात.

याचा सुंदर उपयोग इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रॉबर्ट रॅन्समने केला. त्याने १८०३ साली नांगराच्या फाळाचं पेटंट घेतलं. फाळाची खालची बाजू त्याने लोखंडी साच्यावर ओतली, वरची वाळूत. त्यामुळे खालची बाजू कठीण पांढरी, वरची मऊ राखाडी. शेतात गेल्यावर काय होणार? वरची बाजू लवकर झिजणार, खालची हळू. म्हणजे धार कायम राहणार. फाळ झिजतोय आणि झिजता झिजता स्वतःला धार लावतोय! उंदराच्या दातांची रचनाही काहीशी अशीच असते, पुढून कठीण आणि मागून मऊ. रॅन्समने झीज थांबवली नाही. कुठे किती व्हावी एवढंच ठरवलं. आम्हाला हा माणूस फार आवडतो.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. पुढे विश्वास बसला. पण फाळ झिजण्याचा प्रश्न विश्वासाने सुटत नाही, कारण मातीत वाळू असते. आणि वाळू म्हणजे क्वार्ट्झ.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. विकर्स मापाने क्वार्ट्झचं काठिण्य साधारण अकराशे. आता आपल्या बाजूचे गडी बघा. राखाडी बिडातला पर्लाइट अडीचशे-तीनशे. पाणी दिलेल्या पोलादातला मार्टेन्साइट सातशे-आठशेपर्यंत. सिमेंटाइट हजाराच्या आसपास, म्हणजे वाळूशी जेमतेम बरोबरी. क्रोमियमचं कार्बाइड तेराशे ते अठराशे. अॅल्युमिना हे सिरॅमिक अठराशेच्या पुढे. टंगस्टन कार्बाइड दोन हजारांच्या वर.

वाळू तुमच्या धातूपेक्षा बरीच कठीण असेल, तर ती नांगरासारखी चरे पाडत जाते. धातूचं काठिण्य तीनशेचं चारशे केलं, तरी तिला फारसा फरक पडत नाही. पण धातूचं काठिण्य वाळूच्या जवळ पोचलं, किंवा किंचित वर गेलं, की चित्र एकदम पालटतं. मग वाळूचाच कण बोथट होतो, फुटतो. झीज हळूहळू कमी होत नाही, जिन्याची पायरी उतरावी तशी धपकन खाली येते. म्हणून अर्धवट कठीण करण्यात पैसे घालण्याला अर्थ नाही. एकतर पायरी ओलांडा, नाहीतर स्वस्त वस्तू वापरा आणि ती झिजली की बदला. दुसरा मार्गही कमीपणाचा नाही. हिशेबात तो पुष्कळदा जिंकतो.

पायरी ओलांडण्याचा बिडातला रस्ता म्हणजे उच्च क्रोमियमचं पांढरं बीड. कार्बन अडीच-तीन टक्के, क्रोमियम पंधरापासून सत्तावीस टक्क्यांपर्यंत. साध्या पांढऱ्या बिडात सिमेंटाइटचं जाळं सलग असतं. काचेसारखं. एकदा तडा गेला की तो जाळ्याजाळ्याने पार पलीकडे. क्रोमियम घातलं की कार्बाइडची जात बदलते. ती जास्त कठीण तर होतेच, पण सलग जाळ्याऐवजी सुट्या सळ्यांसारखी वाढते, आणि मधला लोखंडी भाग सलग राहतो. काँक्रीटमध्ये खडी आणि सिमेंट असतं ना, तसं. खडी घासणं सोसते, सिमेंट तिला धरून ठेवतं. पण हे धरून ठेवणारं सिमेंटही मजबूत हवं. म्हणून ओतल्यावर वस्तू साडेनऊशे ते हजार-साडेदहाशे अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवतात आणि हवेने थंड करतात. मगच मधला भाग मार्टेन्साइट होतो. ही उष्णता प्रक्रिया वाचवणारे लोक आम्ही पाहिलेत. 'रसायन बरोबर आहे ना, मग झालं' असं म्हणतात. वस्तू वेळेआधी झिजून परत येते तेव्हा दोष क्रोमियमला देतात.

आता आमची चूक सांगतो.

ऊस गव्हाणीतून पुढे गेला की चरकात जाण्याआधी तो फोडावा लागतो. त्यासाठी श्रेडर असतो. जाड शाफ्टवर लटकवलेले हातोडे, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे. उसाचा अक्षरशः कापूस होतो. उसाबरोबर पाचट येतं, मुळांना चिकटलेली माती येते, पावसात तोडलेल्या उसाला तर चिखलच. या सगळ्यातली वाळू हातोड्यांची टोकं खाते. टोकं गोल झाली की ऊस नीट फुटत नाही, रस चिपाडात राहतो.

एका कारखान्याने आम्हाला विचारलं की हातोडे जास्त टिकावे म्हणून काय करता येईल. कारखान्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक त्यांची नव्हती. आम्ही मातीचा नमुना पाहिला, वाळू पाहिली, अकराशेचा आकडा पाहिला आणि ऐटीत सांगितलं : अख्खा हातोडा उच्च क्रोमियम बिडाचा करा. प्रयोगशाळेत चाकावर घासून चाचणी घेतली. निकाल झकास. हातोडे बसवले. पहिले काही दिवस सगळे खूश. मग एका पहाटे मोळ्यांतून ट्रॉलीची एक लोखंडी पिन आली. चुंबकाने ती पकडायला हवी होती, पकडली गेली नाही. एक हातोडा फुटला. त्याचे तुकडे शेजारच्यांवर आदळले, तेही फुटले. श्रेडरचं झाकण जाड होतं आणि बंद होतं म्हणून कुणाला इजा झाली नाही, हे आमचं नशीब. आवाज मात्र वसाहतीपर्यंत गेला.

गाळप थांबलं. आम्ही पोचलो तेव्हा यार्डात बैलगाड्यांची रांग लागली होती. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून आलेल्या. (जिल्हा बीड, लोखंड नव्हे.) गाड्या रिकाम्या होत नाहीत तोवर त्यांची पुढची खेप नाही. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, साखरही घटते. एका बाईने शांतपणे विचारलं, 'साहेब, आज व्हईल का चालू?' आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून प्रयोगशाळेच्या आकड्यापुढे आम्ही एक प्रश्न लिहायला लागलो : आणि दगड आला तर?

चूक काय झाली? आम्ही वाळू मोजली, घाव मोजला नाही. कठीणपणा आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापड कठीण असतो, चामडं चिवट असतं. नुसतं घासणं असेल तिथे क्रोमियमचं बीड उत्तम, पण मोठा घाव सोसायला अंगात चिवटपणा लागतो. उपाय साधा होता आणि तो जगात आधीपासून वापरातही होता. हातोड्याचं अंग पोलादाचं ठेवायचं, घासणाऱ्या टोकावर तेवढा क्रोमियम बिडाचा ठोकळा ब्रेझिंगने बसवायचा. किंवा टोकावर कठीण धातूचे वेल्डिंग थर चढवायचे. अंग चिवट, तोंड कठीण. रॅन्समचाच नांगर, दुसऱ्या रूपात. आम्ही त्याची गोष्ट वर्गात सांगत होतो आणि कामावर विसरलो.

घाव फार मोठे असतील तर आणखी एक जुना गडी आहे. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ च्या सुमारास काढलेलं मॅंगनीज पोलाद, बारा-तेरा टक्के मॅंगनीजचं. हे सुरुवातीला मऊच असतं, पण मार खाऊन खाऊन वरचा थर कठीण होतो. दगड फोडणाऱ्या क्रशरचे जबडे याचे असतात. गंमत अशी की मार मिळाला नाही तर ते कठीण होत नाही आणि नुसत्या वाळूपुढे भराभर झिजतं. ऑस्टेम्परिंग केलेलं गाठीदार ग्राफाइटचं बीड, ज्याला एडीआय म्हणतात, तेही थोडं याच स्वभावाचं आहे. आपल्याकडच्या फौंड्र्यांनी त्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं असं आमचं मत आहे.

आता सिरॅमिक. बिडाची खडी-सिमेंटची कल्पना आणखी पुढे नेली तर? कार्बाइड भट्टीत आपोआप वाढण्याची वाट न बघता आपणच बाहेरून सिरॅमिकचे दाणे घालायचे. सिमेंटच्या आणि औष्णिक वीज केंद्रांच्या उभ्या गिरण्यांत जे रोलर कच्चा माल आणि कोळसा दळतात, त्यांच्यात ही पद्धत आता रुळली आहे. एक-दोन मिलिमीटरचे सिरॅमिक दाणे एकत्र बांधून मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी करतात. ती साच्यात झिजणाऱ्या बाजूला बसवतात आणि वरून उच्च क्रोमियमचा रस ओततात. रस दाण्यांच्या फटींत शिरतो.

ऐकायला सोपं आहे, पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे वितळलेलं लोखंड अॅल्युमिनाला 'ओलं' करत नाही. अळवाच्या पानावर पाणी जसं गोळा होऊन राहतं तसा रस दाण्यांपासून दूर राहतो. म्हणून जाळीला पोळ्याची भोकं ठेवावी लागतात, म्हणजे रसाला थोडंच अंतर आत शिरावं लागतं, आणि दाणे सगळीकडून धातूने कवटाळले जातात. दुसरी अडचण थंड होताना येते. लोखंड जास्त आकुंचन पावतं, अॅल्युमिना कमी. मध्ये ताण येतो, तडे जातात. यासाठी अॅल्युमिनात झिर्कोनिया मिसळतात. झिर्कोनिया तापल्यावर लोखंडाच्या जवळपास प्रसरण पावतो, शिवाय तो सिरॅमिकला चिवटपणाही देतो.

आणि दाणे मिलिमीटरभर मोठे का? बारीक पूड का नाही? कारण घासणाऱ्या खड्याने पाडलेला चरा दाण्यापेक्षा मोठा असेल, तर खडा सिमेंटसकट दाणाच उपटून नेतो. रक्षक चोरापेक्षा लहान असून चालत नाही. मोटारीच्या अॅल्युमिनियमच्या भागांत मात्र काही मायक्रॉनचे सिलिकॉन कार्बाइडचे कण किंवा तंतू पुरतात, कारण तिथे समोर दगड नसतो. १९९६ च्या लोटस एलिझ मोटारीत असे अॅल्युमिनियम-सिरॅमिकचे ब्रेक डिस्क बसवले होते.

वीज केंद्रांचा विषय निघालाच आहे तर चंद्रपूरकडे जाऊ. आपल्या देशी कोळशात राख फार, बरेचदा तीस ते पंचेचाळीस टक्के, आणि त्या राखेत क्वार्ट्झ. ही राख पाण्यात कालवून नळांतून दूर तळ्यात सोडतात. पोलादी नळ, त्यातही त्यांची वळणं, चाळणीसारखी होतात. इथे एक जुना आणि आम्हाला फार आवडणारा उपाय आहे : बेसॉल्टचं अस्तर. सह्याद्रीचा काळा दगड ज्या जातीचा, त्याच जातीचा दगड बाराशे-साडेबाराशे अंशांवर वितळवून साच्यात ओततात आणि हळूहळू थंड करून नळाच्या आत बसवतात. दगडाचं ओतकाम! आमच्या ओतारी मित्रांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना थट्टा वाटली होती.

पण थांबा. याच राखेच्या पाण्याला ढकलणारे काही पंप आतून रबराने मढवलेले असतात. रबर! काठिण्याच्या यादीत त्याला जागाच नाही. तरीही कण बारीक असतील, टोकदार नसतील, तर रबर क्रोमियमच्या बिडाला भारी पडतं. कारण कण आदळला की ते दबतं, त्याची ऊर्जा पिऊन घेतं आणि कणाला परत फेकतं. कणाचा कोनही महत्त्वाचा. वीस-तीस अंशांच्या तिरक्या कोनाने कण आला तर मऊ धातू सर्वांत जास्त कापला जातो, तिथे सिरॅमिक उत्तम. कण सरळ नव्वद अंशांनी आदळला तर सिरॅमिकला तडे जातात, तिथे रबर किंवा चिवट धातू बरा. एकाच नळात सरळ भागाला एक औषध आणि वळणाला दुसरं लागू शकतं. मोठा धारदार तुकडा आला तर रबर फाटतं, हेही खरं.

लेपांबद्दल थोडं. लेप म्हणजे तोंड कठीण करण्याचा आणखी बारीक प्रकार. ड्रिल बिटवरचा सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा लेप दोन ते पाच मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. स्वनातीत वेगाच्या ज्वालेतून फवारलेला टंगस्टन कार्बाइडचा लेप शंभर-दोनशे मायक्रॉन, आणि वेल्डिंगने चढवलेला थर काही मिलिमीटर. कुठला घ्यायचा हे ठरवताना लोक लेपाचं काठिण्य बघतात, खालच्या धातूचं बघत नाहीत. गादीवर पापड ठेवा आणि बोटाने दाबा. पापड कितीही कठीण असला तरी मोडणारच, कारण खालची गादी दबते. मऊ पोलादावर पातळ कठीण लेप म्हणजे गादीवरचा पापड. ड्रिलवर तो टिकतो कारण खालचं पोलाद मुळात कठीण असतं.

हार्ड क्रोमबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. हायड्रॉलिकचे दांडे, पिस्टन रिंग, साचे या सगळ्यांवर कित्येक दशकं क्रोमचा मुलामा चढवला गेला. लेप चांगला आहे, वाद नाही. पण तो ज्या टाकीत चढतो तिथे सहा संयुजेचं क्रोमियम असतं, आणि त्याचे तुषार हवेत उडतात. त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निःसंदिग्धपणे म्हटलं आहे. टाकीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या नाकाचा मधला पडदा छिद्र पडून फाटतो. अशी माणसं आम्ही पाहिली आहेत. दांड्याची झीज वाचवली आणि माणसाची केली, असा हा व्यवहार. विमानांच्या लँडिंग गिअरवर आता फवारलेला टंगस्टन कार्बाइड क्रोमची जागा घेतो आहे. तो महाग आहे, नळीच्या आत फवारता येत नाही, त्यातल्या कोबाल्टच्या पुडीपासूनही जपावं लागतं. पण टाकीचा पर्याय शोधताना 'महाग पडतं' एवढ्यावर चर्चा संपवू नये, असं आम्हाला वाटतं.

झिजून गेलेला धातू जातो कुठे, हाही प्रश्न आता विचारला जाऊ लागला आहे. मोटारींचे ब्रेक डिस्क अजूनही बहुतेक राखाडी बिडाचेच, आणि त्यांची पूड आपण श्वासात घेतो. युरोपच्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली : बहुतेक गाड्यांना किलोमीटरमागे सात मिलिग्रॅम, बॅटरीवरच्या गाड्यांना तीन. त्यामुळे बिडाच्या डिस्कवर लेसरने कठीण थर चढवण्याला एकाएकी जोर आला आहे.

आता परत रोलरकडे. साखरेच्या रोलरचं वरचं कवच राखाडी बिडाचं असतं, तेही मुद्दाम जाड दाण्याच्या. इतकं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, क्रोमियमचं करा, सिरॅमिक भरा. नाही! या रोलरला उसाचा चोथा पकडून आत ओढायचा असतो. वरून कित्येकशे टनांचा दाब असतो. रोलर गुळगुळीत झाला की चोथा घसरतो, आत जात नाही. साधं पोलाद वापरलं तर ते घासून चकचकीत होतं. राखाडी बीड झिजताना मात्र ग्राफाइटचे पापुद्रे निघून जातात, उसाचा आंबट रस त्यात भर घालतो, आणि पृष्ठभाग खरखरीत राहतो. इथे आपल्याला झीज हवीच आहे, फक्त खडबडीत झीज हवी आहे. त्यावर वेल्डर आर्किंगचे दाणे टाकतात. मिल चालू असताना, रसाने भिजलेल्या फिरत्या दातांच्या टोकांवर, उच्च क्रोमियमच्या इलेक्ट्रोडचा एक एक थेंब. बिडावर वेल्डिंग तसं पक्कं बसत नाही. थेंबाभोवतीचं बीड झटकन थंड होऊन पांढरं, ठिसूळ होतं आणि काही दाणे सुटतात. म्हणून हे काम हंगामभर चालूच राहतं. वाफ, चिकट ओल, हातभर अंतरावर फिरणारा रोलर. हा माणूस किती नेटकं काम करतो यावर चोथ्यात किती साखर राहते ते ठरतं, साखर उतारा ठरतो, आणि उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे. शेतकऱ्याचे पैसे आणि आर्किंगवाल्याचा हात यांच्यात इतकं थोडं अंतर आहे.

शेवटी एक प्रश्न घेतो, मघाशी मागून एका तरुणाने चिठ्ठी पाठवली आहे. तो कारखान्यात शिकाऊ आहे. त्याने विचारलंय : 'आर्किंग सुरू केल्यापासून आमच्या मिलचं बेअरिंग गरम होतं, त्याचा याच्याशी संबंध असेल का?' असू शकतो. आधी अर्थिंगची केबल कुठे जोडली आहे ते बघ. ती मिलच्या सांगाड्याला लावली असेल, तर वेल्डिंगचा सगळा करंट रोलरमधून शाफ्टमध्ये आणि शाफ्टमधून गनमेटलच्या बेअरिंगमधून जातो. तेलाच्या पातळ थरातून ठिणग्या उडतात, शाफ्ट आणि बेअरिंग दोन्हींवर बारीक खड्डे पडतात. वरचे दात वाचवायला गेलो आणि खालचं बेअरिंग झिजवलं. अर्थ त्याच रोलरच्या शाफ्टवर, सरकत्या ब्रशने घ्यायचा, आणि ब्रशची जागा रोज घासून स्वच्छ करायची. ते करून बघ, आणि तरीही गरम झालं तर मात्र तेल तपास.